नावाखालची रेघ

खानापुरात, तहसील कचेरीच्या समोर,
मशाक मुजावरच्या झेरॉक्समध्ये
अर्धी भिंत माझी.
बाहेर कडप्प्याच्या फळीवर
गुडघ्यात पिशवी दाबून बसलेली माणसं.

सोमवारी मशीन स्वतःलाच सुधारत बसलं.
पाच टक्के. एकोणीस टक्के.
चहा आला, निवला, साय धरली,
आणि उघडलं तेव्हा वर्डपॅड नव्हतं.

मशाकचा पोरगा म्हणाला, कंपनीनं काढलंय ते, मावशी,
रिटायर केलंय.

समोरच्या कचेरीत कुणी रिटायर झालं
तर नारळ असतो, शाल असते,
एक फोटो, ज्यात निम्म्यांचे डोळे मिटलेले.
ह्याला कुणी
उद्यापासून येऊ नकोस, एवढंही म्हटलं नाही.

तसं ते साधंच.
दोन रकाने मागा, गप्प.
शुद्ध-अशुद्ध त्याला काही कळायचं नाही,
आणि मला त्याचं हेच बरं वाटायचं.
वर कन्नड, साहेबाला कळावं म्हणून,
खाली मराठी, सही करणाऱ्याला कळावं म्हणून,
मध्ये शिक्क्यापुरती जागा.
एकाच पांढऱ्यावर दोन्ही घ्यायचं,
तुम्ही मूळचे कुठले, असं न विचारता.

दुपारी जांबोटीकडचा भरमू आला.
भरमू सट्टूप्पा गुरव.
शाळेच्या दाखल्यावर भरमू,
उताऱ्यावर भरमण्णा,
बँकेत नुसताच भरमा.
तिघांची जमीन एकच, वीस गुंठे,
आणि तिघांना मिळून एकच माणूस.

"तोच कागद काढा बाई, तारीख तेवढी बदला.
मागच्या साहेबाची बदली झाली."

फाईल आता नव्या प्रोग्राममध्ये उघडली.
अक्षरं आली. समास थोडे सरकले,
नवीन घरात कपाट सरकवून बघावं तसे.
आणि मग भरमूच्या खाली
तांबडी, नागमोडी रेघ.
भरमण्णाच्या खालीसुद्धा.
सट्टूप्पाखाली. गावाखाली.
"विनंती" तेवढी स्वच्छ राहिली.

भरमू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.
"हे काय दावूलालंय? चुकलं काय माझं?"
नाही हो. मशीनला तुमचं नाव माहीत नाही.
"ह्याला पण?"

उजवी टिचकी मारली तर
त्यानं आपणहून सुचवलं:
भ्रम.
भरून.
मरू.

भरमूला वाचता येत होतं.
तो हसला. आधी नाकातून,
मग इतकं, की मशाक झेरॉक्स अर्ध्यात टाकून आला
आणि काय झालं ते न कळताच हसायला लागला.

यादीच्या तळाला आणखी दोन ओळी होत्या.
दुर्लक्ष करा.
शब्दकोशात घाला.
पहिलं काम अकरा वर्षं समोर चाललंच होतं.
मी दुसऱ्यावर टिचकी मारली.

रेघ गेली.
भरमण्णाला घातलं. सट्टूप्पाला घातलं.
मग मागे कुणी ताटकळत नव्हतं म्हणून
माझं स्वतःचं नाव टाइप करून बघितलं,
ते सांगत नाही.

"कचेरीतल्या मशीनला पण आता कळतंय काय?"
नाही. हे ह्या एकाच डब्यापुरतं.
त्यांचं त्यांनी घालायला पाहिजे.
"घालतील की," तो म्हणाला,
ज्या आवाजात माणसं पावसाबद्दल बोलतात,
आणि कागद पिशवीत, पिशवी शर्टात,
वीस रुपये दिले, पाच परत घेतले नाहीत.

संध्याकाळी मशीन बंद करताना
मी थांबले जरा.
जुनं दर वेळी विचारायचं,
बदल ठेवायचे का?
हे काही विचारत नाही, आपलं आपण ठेवतं म्हणे.
मशाकनं शटर अर्धं ओढलं होतं.
मी तरीपण
हो म्हटलं.